जिभेला आधी कळतं

६ फेब्रुवारी

डायरी लिहायची हौस मला कधीच नव्हती. ही वही सुरू करतोय ती पुराव्यासाठी.

चोवीस वर्षं मी लोकांचे दात भरतोय. गेल्या चार-पाच महिन्यांत जेवढी माणसं "डॉक्टर, इथं काहीतरी टोचतंय" म्हणत परत आली, तेवढी आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून आली नव्हती. माझे हात तेच, खुर्ची तीच. बदललंय ते एकच, पॉलिश करायच्या डिस्क. कंपनीने मागच्या वर्षी खोक्याचा रंग बदलला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. खोकं देखणं झालं की समजावं, आतला माल उतरला.

लेखी नोंद असली की कंपनीला पळवाट राहणार नाही. म्हणून आधी माझी पद्धत लिहून ठेवतो, उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको.

मी कीड कोरून काढतो, खड्डा सिमेंटने भरतो, त्यावर निळा दिवा धरतो. वीस सेकंदांत सिमेंट दगड होतं. लोकांना वाटतं, झालं. पण तेव्हा तो दात नसतो, नुसता बुजवलेला खड्डा असतो. खरं काम पुढेच. निळा कागद चावायला देऊन कुठे उंच राहिलंय ते बघायचं, तेवढंच उतरवायचं. कडेला सांडलेलं जास्तीचं सिमेंट काढायचं. मग एकीपेक्षा एक बारीक अशा चार डिस्क, हलक्या हाताने आणि पाणी मारत, नाहीतर दात तापतो. दोन दातांच्या फटीत घासपट्टी. शेवटी रबराचा कप आणि पेस्ट. आमचे सर म्हणायचे, "भरणं दहा मिनिटांचं, घासणं पंधरा मिनिटांचं. घाई असेल तर भरूच नका." मी यातली एकही पायरी आजवर गाळलेली नाही.

एक चांगली गोष्टही नोंदवतो. पूर्वी मी पेशंटच्या तोंडात जवळजवळ डोकं घालून बसायचो, मान धरायची. हल्ली आपोआप ताठ बसायला लागलोय, हात लांब करून. पाठीला आराम आहे. माझ्या वर्गातले सगळे चाळिशीचे चष्मे हरवत आणि शोधत फिरतात. मी एकोणपन्नासाव्या वर्षी बिनचष्म्याचा, आणि आता बिनपाठदुखीचाही.

९ फेब्रुवारी

खुर्चीवरचा दिवा मंद झालाय. बल्ब बदलला. नवाही मंदच निघाला. हल्ली कशात दम म्हणून राहिला नाही.

सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, दिव्याला काही झालेलं नाही. माझे तर डोळे दिपतात." सिस्टर म्हणजे माझ्या शेजारी उभं राहून हत्यारं हातात देणाऱ्या बाई. सतरा वर्षं माझ्याकडे आहेत. कामाला सोनं, पण हल्ली फार बोलायला लागल्यात.

१३ फेब्रुवारी

आज आमच्या मास्तरीणबाई आल्या. यांनी मला सातवीत गणित शिकवलं. वय बहात्तर, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "तू भरलेला दात खरखरतोय."

"बाई, नवीन आहे ना. दोन दिवसांत जिभेला सवय होईल."

"तीन आठवडे झाले. माझ्या जिभेला नवीन आणि अर्धवट यांतला फरक कळतो. उत्तर बरोबर आलंय तुझं, पण शेवटची पायरी गाळलीस. एक गुण कापते."

मी प्रोब, म्हणजे ते टोकदार वाकडं हत्यार, कडेने फिरवून पाहिलं. एका जागी अडकल्यासारखं झालं. निरखून पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. म्हणजे भासच. तरी त्यांच्या समाधानासाठी पुन्हा डिस्क फिरवली.

"आता?"

बाईंनी जीभ फिरवली, छताकडे बघितलं. "अर्धा गुण देते. उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा येईन."

शिक्षक निवृत्त होतात, लाल पेन निवृत्त होत नाही.

१७ फेब्रुवारी

सौ. एका छापखान्यात मुद्रितं तपासते. तिच्या मासिकाचा नवा अंक चाळत होतो. मी म्हटलं, "कागद वाचवायला तुम्ही अक्षर बारीक केलंत वाटतं?"

ती म्हणाली, "अकरा वर्षं तोच टाइप आहे, अहो. तुमचाच हात पुढे पुढे चाललाय. आणखी थोडा गेला तर अंक शेजारच्यांना वाचता येईल. एकदा डोळे दाखवून या ना."

दातांचा विषय चालला असताना मध्येच डोळे काढायचे! विषय बदलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

२१ फेब्रुवारी

कंपनीला पत्र गेलं, नमुन्याच्या डिस्कसह. दोन पानी, सभ्य पण खरमरीत. खोक्यावरचा लॉट नंबर इतका फिकट छापलाय की मला लागलाच नाही. सिस्टरांनी तो घडाघडा वाचला, आणि मग म्हणाल्या, "डॉक्टर, डिस्क बऱ्या आहेत. पण परवाच्या त्या काकूंच्या दाढेला मला सिमेंटची कड दिसली होती."

मी शांतपणे विचारलं, "सिस्टर, तुम्ही उभ्या दोन फुटांवर, मी बसलेला एका फुटावर. तुम्हाला दिसते आणि मला दिसत नाही, हे कसं शक्य आहे?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मुद्दा पटला असावा.

२६ फेब्रुवारी

आज मजेशीर पेशंट. ट्रंपेट वाजवतो. तिशीचा, हातात वाद्याची पेटी, पुढच्या वरच्या दाताचा कोपरा उडालेला. जिन्यात पाय घसरला आणि दात कठड्यावर आपटला. पेटी मात्र छातीशी धरून वाचवली म्हणे. त्याची चौदा मार्चला वाद्यवृंदातल्या कायमच्या जागेसाठी परीक्षा आहे. सात वर्षं लग्नाच्या वरातींपासून दुकानांच्या उद्घाटनांपर्यंत मिळेल तिथे वाजवतोय, आता एकदाचं हक्काचं बाकडं मिळेल म्हणाला.

कोपरा असा बांधला की सिमेंट कुठे संपतं आणि दात कुठे सुरू होतो ते मलाच दिसेना. आरसा दिला तर पोरगा हरखून गेला. सिस्टर हळूच म्हणाल्या, "पुढच्या अंगाला एकदा बारीक डिस्क फिरवू या का?" मी चारही फिरवल्या होत्या. तसं सांगितलं.

२ मार्च

ट्रंपेटवाला परत आला. वाद्य ओठावर दाबलं की ओठ आतून सोलवटतो म्हणतो. ओठ उलटा करून दाखवला, लाल होता खरा. दात पाहिला. आरशासारखा! त्याला समजावलं, की नवीन दाताची ओठाला सवय व्हायला थोडे दिवस जातात, सराव थोडा बेताने करा.

"परीक्षा बारा दिवसांवर आलीय, डॉक्टर. बेताने कसा करू?"

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो गेला, पण जाताना हसला नाही. ही नवी पिढी फार लवकर धीर सोडते.

७ मार्च

विजय! कंपनीचं उत्तर आलं. "आपण पाठवलेल्या डिस्कच्या चाचणीत दोष आढळला नाही. तरीही आपल्यासारख्या जुन्या ग्राहकाच्या समाधानासाठी नवीन खोकं पाठवत आहोत." दोष नव्हता तर खोकं कशाला पाठवलं? कबुलीच आहे ही. नव्या डिस्कवर आज तीन दात केले. काय गुळगुळीत! फरक डोळ्यांना दिसतो.

१० मार्च

नव्या डिस्कवाल्या तिघांपैकी एक परत आला. टोचतंय म्हणाला.

११ मार्च

आज जे पाहिलं ते लिहायलाही जड जातंय. दुपारी खिडकीत उभा होतो. आमच्या दवाखान्यासमोर रस्त्यापलीकडे वर्षभरापूर्वी एका तरुण डॉक्टरबाईंनी दवाखाना थाटलाय. काचेचं दार, आत कुंड्या. मी त्या बाजूला बघत नाही. पण आज नजर गेली, आणि त्या दारातून आमचा ट्रंपेटवाला बाहेर आला. ओठावरून बोट फिरवत, हसत!

मी बांधलेला दात. हिने काय केलं असेल त्याला? माझी निंदानालस्ती केली असणार, दुसरं काय. उद्यापासून खिडकीचा पडदा ओढलेला राहील.

१५ मार्च

कोपऱ्यावरच्या दुकानाचे चष्मेवाले आज दाढ भरायला आले. साठीचे, गप्पिष्ट, पण तोंड उघडं असल्यामुळे पाऊण तास गप्प होते. तेवढा वेळ ते माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, माझी एकाग्रता बघून थक्क झालेत.

चूळ भरून झाल्यावर ते उठून बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही माझ्या तोंडाला घाबरत होतात का?"

"म्हणजे?"

"इतके लांब बसला होतात, मला वाटलं माझ्या तोंडाला वास येतोय. मग तुमचे डोळे बघितले. बारीक करून, मोठे करून, मान मागे नेऊन. दिवसातून पंधरा गिऱ्हाइकं माझ्याकडे अशीच बघतात. डॉक्टर, तुमच्या हातांची लांबी संपत आलीय."

सिस्टर हत्यारं धुवायला आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, पण हत्यारांचा नाही.

मी म्हटलं, "मला चाळिशी नाही."

"बरं," ते म्हणाले. खिशातून एक छोटं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "वाचा बघू. शेवटची ओळ."

शेवटची ओळ नव्हतीच. तिथे एक करडी रेघ होती. मी म्हटलं, "इथे तर नुसती रेघ आहे." ते नुसतेच मान हलवत राहिले, मी एखाद्या हलणाऱ्या दातासमोर हलवतो तशी.

१६ मार्च

दुकानात गेलो. चष्मेवाल्यांनी भिंगांची चौकट नाकावर ठेवली, दोन-तीन भिंगं बदलली, पुन्हा तेच कार्ड. करड्या रेघेची अक्षरं झाली. वाक्य होतं ते. "हे वाचता आले तर आपली दृष्टी उत्तम आहे."

मग मी माझ्या हाताकडे पाहिलं. नखाच्या कडेला कालच्या पेस्टचा पांढरा कण होता. नखं नीट कापलेलीही नव्हती. किती दिवस हा हात मी असा बघितलाच नव्हता?

चष्मा उद्या मिळेल. मी त्यांना म्हटलं, "फक्त वाचायला वापरीन." ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात."

१७ मार्च

चष्मा सकाळी मिळाला. पहिल्या पेशंट मास्तरीणबाईच, उरलेला अर्धा गुण घेऊन आलेल्या. खुर्चीत बसल्या, तोंड उघडलं, मी दिवा ओढला, चष्मा लावला आणि वाकलो.

कड होती. खिडकीला रंग देताना काचेवर ओघळ राहून वाळावा, तशी सिमेंटची पातळ कड दाढेच्या अंगावर उभी होती. तिच्याखाली हिरडी लाल झाली होती. वरच्या अंगावर डिस्कचे ओरखडे, ते नांगरटीसारखे आडवेतिडवे. चार डिस्क मी फिरवल्या होत्या हे खरं. पण जिथे फिरवायला हव्या होत्या तिथे नाही.

कान तापले. हातातला आरसा तसाच राहिला.

"काय झालं? गप्प का झालास?" बाई उघड्या तोंडाने जमेल तसं बोलल्या.

"बाई, तुमचं बरोबर होतं."

"ते मला माहीत आहे. तू पुढचं कर."

केलं. पंचवीस मिनिटं लागली. निळा कागद, मग कड, मग चार डिस्क, घासपट्टी, कप. बाईंनी जीभ फिरवली. खूप वेळ फिरवली. मग पर्समधून रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता पूर्ण गुण. आणि कान कशाला लाल करतोस? सातवीतसुद्धा चूक सापडली की तुझे कान लाल व्हायचे. त्यानंतर गणित मात्र बरोबर यायचं."

१८ मार्च

आज पेशंट नव्हते त्या वेळात सिस्टरांना म्हटलं, ऑक्टोबरपासूनचं रजिस्टर काढा. किती जणांचे दात भरले ते पाहायचं होतं. पानं उलटताना दिसलं, काही नावांसमोर पेन्सिलीचं एक बारीक टिंब आहे. चष्म्याशिवाय मला हे कधी दिसलंच नसतं.

"सिस्टर, हे काय?"

त्यांनी पदर सारखा केला. "मला जिथे कड दिसली तिथे टिंब दिलं. म्हटलं, कधीतरी लागेल."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं डॉक्टर. तीनदा."

ही वही उघडून मागची पानं पाहिली. नऊ फेब्रुवारी. एकवीस. सव्वीस. तीनदाच सांगितलंय. पुराव्यासाठी ठेवलेली वही, पुरावा चोख निघाला.

टिंबं मोजली. एक्केचाळीस.

१९ मार्च

एक्केचाळीसपैकी परत येऊन तक्रार केलेले सोळा. उरलेले पंचवीस गप्प आहेत. त्यांना त्रास नसेल तर कशाला उठवायचं? सांगायचं तरी काय? दातांच्या डॉक्टरला दात दिसत नव्हता? गावभर हसं होईल, आणि समोरच्या काचेच्या दाराला रांग लागेल. दिवसभर हेच डोक्यात. सगळ्यांना "नेहमीची तपासणी" म्हणून बोलावावं आणि गुपचूप घासून द्यावं, असंही मनात आलं. वाईट कल्पना नव्हती. अजूनही नाही वाटत.

संध्याकाळी चहा घेताना सौ.ला सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडे पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली की शुद्धिपत्र लावतात. लाज वाटते. पण चूक कुठल्या पानावर, ओळ कितवी, सगळं छापतात. 'नेहमीची तपासणी' असं कुठलं शुद्धिपत्र असतं का?"

"लोक काय म्हणतील?"

"काही हसतील. पण तोंड उघडून हसतील, म्हणजे तुमचं कामच सोपं."

२१ मार्च

फोन सुरू केले. वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं: "मला जवळचं नीट दिसत नव्हतं, ते मला कळलं नाही, तुमचा दात भरताना कड राहिली असावी, येऊन जा, दुरुस्त करून देतो." पहिला फोन करायला वीस मिनिटं लागली. सिस्टर शेजारी उभ्या, हत्यार द्यावं तसा रिसीव्हर हातात देत होत्या.

एक बाई म्हणाल्या, "अगोबाई, मला वाटलं भरलेला दात असाच असतो!" एक गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर फुकटात बोलावतोय म्हणजे काहीतरी मोठी गडबड आहे," आणि त्यांनी फोन बायकोकडे दिला. तिने मला माझ्याच डोळ्यांसाठी गाजरं खायला सांगितली. एकाने शिव्या घातल्या. बरोबरच घातल्या. चार महिने त्याच्या दातांत रोज घास अडकतोय आणि त्याला मी "काडी वापरू नका" म्हणून वर ऐकवलं होतं.

यादीतला एक शिंपी म्हणाला, "ती कड काढू नका, डॉक्टर. दोरा काय झकास तुटतो!" पंधरा मिनिटं समजावलं, की कडेखाली घाण साचते, हिरडी सुजते. शेवटी तयार झाला, पण म्हणाला, "निदान एक कोपरा तरी ठेवा."

२३ मार्च

ट्रंपेटवाला आला. फोनवर काही बोलला नव्हता, फक्त "येतो" म्हणाला होता. त्याचा दात मी चष्मा लावून पाहिला. गुळगुळीत होता, खरोखरच आरसा. म्हणजे समोरच्या डॉक्टरबाईंनी काम पुरं केलं होतं.

मी विचारलं, "परीक्षा?"

"ओठ पूर्ण भरला नव्हता. वरचा सूर फुटला. पण त्यांनी पुन्हा बोलावलंय. अकरा एप्रिलला."

मी लिहिलेलं वाक्य म्हणायला गेलो, पण ते फार लांब वाटलं. म्हटलं, "चूक माझी होती. कड मी ठेवली, आणि तुम्ही दाखवलीत तरी सवय होईल म्हणालो."

तो पेटीच्या कड्यांशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणालात म्हणून मी ओठालाच दोष देत होतो. नऊ दिवस. वाटलं, माझ्यातच दम नाही. सात वर्षं उगाच घालवली." थोडं थांबून म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, डॉक्टर."

तो रागाने उठला नाही, पण हात मिळवायलाही थांबला नाही. दारात मात्र वळला. "पलीकडच्या डॉक्टर म्हणाल्या, दात इतका सुरेख बांधलाय की हात लावायला भीती वाटते, मी फक्त शेवटचा हात फिरवते. तुमच्याबद्दल वाकडं बोलल्या नाहीत."

२४ मार्च

रस्ता ओलांडला. वीस पावलं आहेत, एक वर्ष लागलं.

डॉक्टरबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या निघाल्या. मी आभार मानले. विचारलं, "माझ्याकडचे किती जण आले तुमच्याकडे?"

"पाच-सहा. सगळ्यांना मी तेच सांगितलं, काम चांगलंय, थोडं घासायचं राहिलंय."

"मला येऊन का नाही सांगितलंत?"

त्या हसल्या. "येणार होते, सर. दोनदा रस्त्यात नमस्कार केला. तुम्ही दोन्ही वेळा मान फिरवलीत. मला वाटलं, मान धरली असेल."

मग म्हणाल्या, पुढच्या दाताचा रंग इतका जुळवता कसा ते दाखवाल का? दाखवीन म्हटलं. एका कुंडीला पाणी कमी पडत होतं, तेही सांगून आलो. चष्मा नाकावरच होता.

३० मार्च

कंपनीला माफीचं पत्र लिहिलं. एकाच पानात झालं. तक्रारीला दोन लागली होती.

आजपर्यंत एकोणतीस जण येऊन गेले. रोजच्या कामाआधी दीड तास फक्त हेच. सिस्टर एकेक टिंब खोडरबराने पुसतात आणि फुंकर मारतात. आता वाकून काम करतो, मान दुखते. दुखू दे.

११ एप्रिल

दुपारी चार वाजता एका आजोबांच्या तोंडात कप फिरत होता, आणि बाहेरच्या खोलीत एकाएकी ट्रंपेट वाजला. आजोबा खुर्चीत वीतभर उडाले. बाहेर धावलो तर आमचा पोरगा बाकावर उभा, गाल फुगलेले. वरचा सूर लागला होता, लांब, कुठेही न फुटता. समोरच्या खिडक्या उघडल्या. काचेचं दारही.

"दुसऱ्या ट्रंपेटची जागा!" तो म्हणाला. "पहिली नाही मिळाली. पण कायमची आहे."

या वेळी हात त्यानेच पुढे केला. माझ्या हातावर आजोबांच्या तोंडातली पेस्ट होती. त्याला चाललं.

१८ एप्रिल

शिंपी आज आला, कोपरा ठेवला नाही म्हणून रुसून गेला. एक्केचाळिसावं टिंब पुसलं. मी हात धुतले आणि म्हटलं, "संपलं एकदाचं."

सिस्टर रजिस्टर मिटेनात. "एक राहिलाय, डॉक्टर."

"कोण?"

"रजिस्टरात नाही. घरचा आहे."

मला क्षणभर कळेना. मग आठवलं. डिसेंबरातला रविवार, सिस्टर खास मदतीला आल्या होत्या. सौ.ची उजवीकडची खालची शेवटची दाढ. घरचं माणूस म्हणून कागदावर घेतलंच नव्हतं.

फोन केला. ती छापखान्यातून सरळ आली. खुर्चीत बसली, पर्स पोटावर ठेवली. मी चष्मा लावून पाहिलं. त्या एक्केचाळिसांपेक्षाही मोठी कड. हिरडी सुजलेली.

"चार महिने?" मी विचारलं.

"चार महिने अकरा दिवस. डावीकडून चावते. जमतं."

"बोलली का नाहीस?"

"दात भरून झाल्यावर तुम्ही आरसा दिलात आणि म्हणालात, 'बघ, चोवीस वर्षांतलं सगळ्यात सुंदर काम.' इतके खूश होतात. म्हटलं, उद्या सांगू. मग तुम्ही कंपनीच्या मागे लागलात. सांगितलं असतं तर माझ्या नावाने तिसरं पान लिहिलं असतंत."

सिस्टर खोकल्या. मी निळा कागद दिला, ती चावली. उंचवटा उतरवला, कड काढली. चारही डिस्क, घाई न करता. घासपट्टी, कप, पेस्ट. तिचा हात पर्सवरून निघून माझ्या कोपराजवळ आला आणि तिथेच राहिला. चूळ भरायला सांगितलं. मग मी वाकून सगळ्या बाजूंनी पाहिलं. स्वच्छ. कुठे काही नाही.

"झालं," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले आणि जीभ फिरवली. मुद्रितं तपासताना ती अशीच गप्प होते. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, मी तिच्याकडे.

"अजून थोडं," ती म्हणाली. "मागच्या बाजूला."

मी दिवा जवळ ओढला. आरसा दाढेमागे धरला. काहीच दिसत नव्हतं. दिवा ठीक होता, डिस्क ठीक होत्या, चष्मा नवा कोरा होता. मी प्रोब घेतला आणि डोळे तिच्या चेहऱ्यावर ठेवून मागच्या भिंतीवरून अगदी हळू खाली आणला. एका जागी टोक किंचित अडलं. केसाएवढं.

"इथे?"

तिने मान हलवली.

सिस्टरांनी मी मागायच्या आत सगळ्यात बारीक डिस्क पुढे केली. मी सौ.ला म्हटलं, "आ कर."